उमेदवारीच्या उंबरठ्यावर

१९१३ हे साल आमच्या समाजाला पाठ आहे. त्या वर्षी जुलै महिन्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती, ग्रंथालयातील ती प्रदीर्घ बैठक, ज्ञानाचा तो ध्यास, हे सारे आमच्या मुलांना चौथी-पाचवीतच सांगितले जाते. त्याच वर्षी त्याच शहरात आणखी एक गोष्ट घडली. तिचा उल्लेख कोणत्याही शालेय पुस्तकात नाही. इमारतींच्या बांधकामात पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिरांच्या संघटनेची 'लोकल २८' ही शाखा तेथे स्थापन झाली. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. तरीही इतिहासाचे अध्यापक म्हणून त्या एकाच पानावर मांडाव्यात असे आम्हांस वाटते. ज्या शहरात एका अस्पृश्य विद्यार्थ्याला विद्यापीठाचे दार उघडे मिळाले, त्याच शहरात कृष्णवर्णीय तरुणाला पत्र्याची कातर हाती धरण्याचे दार पुढे पन्नास वर्षे बंद राहिले.

ही अतिशयोक्ती नाही. १९६४ साली न्यूयॉर्क राज्याच्या मानवी हक्क आयोगाने चौकशीअंती असा निष्कर्ष काढला की, स्थापनेपासून त्या दिवसापर्यंत या शाखेत एकही कृष्णवर्णीय सभासद किंवा शिकाऊ उमेदवार घेतला गेलेला नाही. ज्या मातृसंघटनेची ही शाखा होती, तिने १९४६ पर्यंत कृष्णवर्णीयांना उघडपणे मज्जाव केला होता. १९४६ नंतर नियम गेला, रीत मात्र राहिली. प्रवेश बहुतांशी जुन्या सभासदांच्या शिफारशीवर मिळे, आणि शिफारस मिळे मुलाला, पुतण्याला, भाच्याला. कोणीही कोणाला 'तू काळा आहेस म्हणून चालता हो' असे म्हणत नव्हते. म्हणण्याची गरजच उरली नव्हती.

या स्मरणिकेच्या वाचकांना ही रीत समजावून सांगावी लागेल असे आम्हांस वाटत नाही.

अमेरिकेत कारागीर कसा घडतो, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. तेथे वीजतंत्री, नळकारागीर, सुतार, गवंडी, लोखंडकाम करणारा होण्यासाठी नोंदणीकृत शिकाऊ उमेदवारीची पद्धत आहे. तिला १९३७ च्या राष्ट्रीय कायद्याचा आधार आहे. उमेदवारीची मुदत धंद्याप्रमाणे साधारण तीन ते पाच वर्षे असते. या काळात उमेदवार प्रत्यक्ष कामावर असतो आणि पहिल्या दिवसापासून वेतन घेतो. आरंभी ते पूर्ण कारागिराच्या वेतनाच्या निम्म्याच्या आसपास असते व टप्प्याटप्प्याने वाढत जाते. वर्षाला सुमारे १४४ तास वर्गात शिकावे लागते. मुदत संपली की देशभर मान्य असलेले प्रमाणपत्र हाती येते, आणि संघटित क्षेत्रातील त्या कारागिराचे वेतन पुष्कळदा पदवीधराच्या बरोबरीने जाते. शिवाय पदवीधराच्या डोक्यावर असते तसे शिक्षणकर्जाचे ओझे त्याच्या डोक्यावर नसते. म्हणजेच उमेदवारीचा दरवाजा ज्याच्या हाती, धंदा त्याच्या हाती.

(उमेदवारी हा शब्द आजकाल निवडणुकीच्या बाजारात इतका झिजला आहे की, त्याचा जुना अर्थ मागेच पडला. वकिलाकडे, कचेरीत, कारखान्यात अल्प मोबदल्यावर राहून काम शिकणे म्हणजे उमेदवारी, हे आमच्या वडील पिढीला ठाऊक होते. त्या अर्थाने हा शब्द पुन्हा वापरात यावा अशी आमची इच्छा आहे.)

यातील विपर्यास असा की, कृष्णवर्णीयांना हे काम येत नव्हते असे कोणीही म्हणू शकत नव्हते. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतील कितीतरी गवंडी, सुतार, लोहार गुलामच होते. मोठमोठ्या हवेल्या त्यांच्याच हातांनी उभ्या राहिल्या. गुलामगिरी संपली आणि त्याच कामाला वेतन व प्रतिष्ठा चिकटली, तेव्हा ते हात हळूहळू धंद्याबाहेर ढकलले गेले. डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉईस यांनी अटलांटा विद्यापीठातून १९०२ साली कृष्णवर्णीय कारागिरांच्या स्थितीवर स्वतंत्र अभ्यासग्रंथ सिद्ध केला, तो याच प्रश्नाच्या पोटी. जुलै १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची प्रत मागितली, ते हेच द्यू बॉईस. दुसरीकडे बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून टस्कीगी येथे विद्यार्थ्यांकडून विटा पाडून घेतल्या आणि त्यांच्याच हातून शाळेच्या इमारती उभारल्या. हाताला कसब द्या, सन्मान मागून येईल, अशी त्यांची श्रद्धा होती. आमच्या मते ती अर्धीच खरी ठरली. कसब आले, पण शहरातील संघटनांची दारे बंदच राहिली. बंद दारापाशी कसबी माणूस आणि बेकसबी माणूस सारख्याच लाचारीने उभे असतात.

दार कसे उघडले, हा या लेखाचा मुख्य विषय.

१९६३ च्या उन्हाळ्यात ब्रुकलिनमध्ये एका सरकारी वैद्यकीय केंद्राचे बांधकाम चालू होते. करदात्यांच्या पैशातून इमारत उभी राहत होती, आणि तीवर काम करणाऱ्या कुशल कारागिरांत कृष्णवर्णीय जवळजवळ नव्हते. माणसे ट्रकांपुढे आडवी झाली. शेकडोंना अटक झाली. त्याच वर्षी २८ ऑगस्ट रोजी वॉशिंग्टनला तो विराट मोर्चा निघाला. त्यातील एका भाषणाची आठवण सर्वांना आहे, पण मोर्च्याचे नाव 'रोजगार आणि स्वातंत्र्य' यांसाठीचा मोर्चा असे होते व त्यात रोजगार हा शब्द आधी होता, याचा विसर पडला आहे. मोर्च्याचे अध्वर्यू ए. फिलिप रँडॉल्फ हे रेल्वेच्या शयनयानांतील कृष्णवर्णीय सेवकांचे संघटक होते. नुसता कायदा पोटाला पुरत नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

१९६४ साली 'वर्कर्स डिफेन्स लीग' या संस्थेने रँडॉल्फ यांच्या शैक्षणिक निधीच्या साह्याने ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हसंट या कृष्णवर्णीय वस्तीत एक उपक्रम आरंभला. त्याची कार्यपद्धती आम्ही जेव्हा प्रथम वाचली, तेव्हा तिच्या साधेपणाचेच आश्चर्य वाटले. कोणत्या संघटनेचे अर्ज केव्हा निघतात, ते कोठे मिळतात, किती दिवस मिळतात, ही माहिती आजवर संघटनेच्या घराघरांतच फिरत असे. ती यांनी बाहेर काढली. अर्ज भरून घेतले. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, जी कागदपत्रे लागतील ती मिळवून दिली. प्रवेश परीक्षेतील गणित आणि आकृत्यांचे प्रश्न कित्येक आठवडे घोटून घेतले. मुलाखतीत काय विचारतात, कसे बसावे, कसे उत्तर द्यावे, याची तालीम दिली. मुलगा कामावर रुजू झाल्यावरही त्याचा पाठपुरावा सोडला नाही. आज ज्याला तिकडे 'प्री-अप्रेंटिसशिप' म्हणतात, त्या उमेदवारीपूर्व प्रशिक्षणाचा हा एक पहिला ठळक नमुना. या उपक्रमाची धुरा पुढे अर्नेस्ट ग्रीन यांनी वाहिली. १९५७ साली लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कुलात लष्कराच्या बंदोबस्तात ज्या नऊ कृष्णवर्णीय मुलांनी पाऊल टाकले, त्यांपैकी ते एक आणि १९५८ साली त्या शाळेतून उत्तीर्ण होणारे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. अध्यक्ष कार्टर यांच्या काळात ते देशाच्या कामगार खात्याचे सहायक सचिव झाले. शाळेचे दार उघडणारा माणूस पुढे कामाचे दार उघडावयास गेला, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

आता लोकल २८ कडे परत येऊ. न्यायालयाच्या आदेशाने तिला परीक्षा घेऊन उमेदवार निवडणे भाग पडले. १९६६ च्या अखेरीस झालेल्या परीक्षेत या उपक्रमाने तयार केलेल्या मुलांनी इतके उच्च गुण मिळविले की, संघटनेने निकालच मानण्याचे नाकारले. इतके गुण पडलेच कसे? काहीतरी गैरप्रकार असला पाहिजे! प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले आणि निकाल मान्य करावाच लागला. नापास झालात तर तुमची लायकीच नाही, आणि पहिले आलात तर नक्कीच काही काळेबेरे आहे, हा न्याय आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुले वैद्यकीय वा अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकली, त्यांनी आपल्या कानांनी ऐकलेला असेल. त्या शाखेने पुढे आणखी वीस वर्षे झुंज दिली. १९८६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ टक्के अश्वेत सभासदत्वाचे उद्दिष्ट कायम ठेवले, तेव्हा तो अध्याय काहीसा संपला.

शासनाने काय केले? अध्यक्ष जॉन्सन यांनी १९६५ साली ११२४६ क्रमांकाचा आदेश काढून सरकारी कंत्राटदारांवर भेदभाव न करण्याचे व संधी वाढविण्याचे बंधन घातले. १९६९ साली 'फिलाडेल्फिया योजने'ने बांधकामाच्या काही धंद्यांत आकड्यांची उद्दिष्टे ठरवून दिली. तिची अंमलबजावणी करणारे आर्थर फ्लेचर स्वतः कृष्णवर्णीय होते, आणि त्या योजनेच्या पाठीशी उभे राहिलेले अध्यक्ष होते निक्सन, ज्यांच्याकडून कोणी अशी अपेक्षा केली नव्हती. १९७८ साली स्त्रियांसाठी ६.९ टक्के कामाच्या तासांचे उद्दिष्ट ठरले. आज जवळजवळ अर्धशतक लोटले, तरी हत्यार हाती घेऊन काम करणाऱ्या बांधकाम कारागिरांत स्त्रियांचे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपासच रेंगाळते आहे. आणि जानेवारी २०२५ मध्ये तो १९६५ चा आदेश एका सहीनिशी रद्द झाला. साठ वर्षे टिकलेला आधार एका दिवसात जातो, याची नोंद आम्ही भारतीयांनीही घ्यावी. सवलत ही वहिवाट नव्हे.

आदेश गेला, पण ज्या संस्था वस्तीत बसून मुलामुलींची तयारी करून घेत होत्या, त्या आदेशाबरोबर गेल्या नाहीत. या संस्थांचे काम आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. न्यूयॉर्कमध्ये १९७८ पासून, शिकागोत १९८१ पासून, ओरेगॉन राज्यात १९८९ पासून खास स्त्रियांसाठी अशा संस्था चालू आहेत. शिकणाऱ्याकडून बहुधा पैसे घेतले जात नाहीत. काही आठवड्यांचा अभ्यासक्रम असतो. बांधकाम संघटनांच्या राष्ट्रीय महासंघानेही सुमारे १२० तासांचा एक समान पाठ्यक्रम तयार केला आहे. त्यात हत्यारांची ओळख, नकाशा वाचणे, सुरक्षितता, प्रथमोपचार आणि कामगार चळवळीचा इतिहासही आहे. हातोडी शिकवितानाच आठ तासांचा दिवस कसा मिळाला हे शिकविणारा अभ्यासक्रम आम्हांस तरी दुसरीकडे आढळला नाही.

पण अभ्यासक्रमाहून त्याभोवतीची व्यवस्था अधिक बोलकी आहे. सकाळी सहाच्या सुमारास कामावर हजर राहायचे तर वाहन चालविण्याचा परवाना हवा, म्हणून त्याची सोय करतात. पायात पोलादी टोकाचे बूट हवेत, ते घेऊन देतात. मूल लहान असेल तर त्याला कोठे ठेवायचे, याचा विचार करतात. वजन उचलण्याचा सराव करून घेतात, कारण पहिल्या दिवशी ज्याची कंबर धरते त्याला मुकादम दुसऱ्या दिवशी बोलवीत नाही. टेपवरील इंचाचा सोळावा भाग वाचायला शिकवितात, कारण शाळेत अपूर्णांकात अडखळलेला मुलगा येथेही तेथेच अडखळतो. या बारीकसारीक गोष्टींवाचून होतकरू माणसे गळतात, आणि मागून म्हटले जाते की, त्यांना कष्ट नकोत.

या उपक्रमांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रशिक्षण झाले, प्रमाणपत्र मिळाले, छायाचित्रे निघाली आणि उमेदवारीत मात्र कोणी घेतले नाही, असे पुष्कळ ठिकाणी होते. मग हा उंबरठा म्हणजे नुसती प्रतीक्षागृहाची बैठक ठरते. उमेदवारीत प्रवेश मिळालेल्यांपैकीही बरेच जण मध्येच सोडतात. स्त्रियांना तेथे होणारा छळ हे त्याचे एक मोठे कारण आहे. म्हणून ज्या प्रशिक्षणाच्या दुसऱ्या टोकाला घेणारा कोणी ठरलेला नाही, ते चालविणाऱ्यांनी मुलांचा वेळ घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. किती जण बसले आणि किती जणांना प्रमाणपत्र दिले, हे हिशेब अहवालापुरते. दोन वर्षांनी किती जण कामावर टिकले, तेवढाच हिशेब खरा.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, असे कोणी म्हणेल. मुंबईच्या गिरण्यांकडे वळू. कताई खात्यात आमचे लोक होते, विणकाम खात्यात मात्र प्रवेश नव्हता, आणि अधिक मजुरी विणकामात होती. कारण सर्वांस ठाऊक आहे. धोट्यातील कांडी बदलताना सूत तोंडाने ओढावे लागे आणि अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा स्पृश्य विणकराला चालत नव्हता. ही बंदी मालकाने घातलेली नव्हती. सोबतच्या कामगाराने घातली होती. १९२८ च्या सार्वत्रिक संपात बाबासाहेबांनी विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घालण्याचा आग्रह धरला, तेव्हा पुढाऱ्यांनी ती मोठ्या नाखुशीने स्वीकारली. न्यूयॉर्कची लोकल २८ आणि मुंबईचे विणकाम खाते यांची जातकुळी एकच. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाल्यावर ऑक्टोबर १९४२ मध्ये बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन सादर केले, त्यात उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांबरोबरच सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने यांत आमच्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे, ही सूचनाही आहे. शिष्यवृत्तीचा भाग आम्ही उचलला, आणि त्याने दोन पिढ्या घडल्या. उमेदवारीचा भाग निवेदनातच राहिला.

आता आमच्या दारातील स्थिती पाहा. कोणत्याही शहराच्या मजूर नाक्यावर सकाळी आठ वाजता उभे राहावे. थापी-ओळंबा घेतलेला गवंडी वेगळा उभा असतो, घमेले-फावडे घेतलेला बिगारी वेगळा. गवंड्याची मजुरी बिगाऱ्याहून पुष्कळ अधिक. बाईच्या हाती मात्र घमेलेच. वीस-वीस वर्षे परांचीवर माल वाहणारी बाई गवंड्याइतकाच माल ओळखते, सिमेंट-वाळूचे प्रमाण तिला डोळ्यांनी कळते, तरी थापी तिच्या हाती कोणी देत नाही. हे निसर्गाने ठरविलेले नाही. अहमदाबादेत 'सेवा' या संघटनेने बांधकाम मजूर स्त्रियांसाठी 'कर्मिका' नावाची शाळा काढली आणि स्त्रिया गवंडीकाम, नळकाम, रंगकाम करू लागल्या. झारखंडात स्वच्छतागृहांची बांधकामे करणाऱ्या स्त्रियांना लोक 'रानी मिस्त्री' म्हणू लागले.

बिगारी गवंडी होतो तो कोणाच्या तरी 'हाताखाली' राहून, आणि हाताखाली कोणाला घ्यायचे ते मिस्त्री ठरवितो. येथेही पुतण्या-भाचा आहेच. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा आपल्याकडे आहे, त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा आहेत. परंतु तो कायदा प्रामुख्याने कारखान्यांच्या कामी आला. ठेकेदार, पोटठेकेदार आणि नाका यांच्या साखळीत तो शिरत नाही. १९९६ च्या कायद्यांनी बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर बसविला, कल्याणकारी मंडळे झाली, मजुरांना भांडी-पेट्या मिळाल्या. त्या पैशातून बिगाऱ्याचा गवंडी किती प्रमाणात झाला, हा प्रश्न मंडळाला विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

यावर आमच्यातील सुजाण माणसे एक आक्षेप घेतात, आणि तो हलक्याने घेण्याजोगा नाही. ज्यांच्या हातातून झाडू आणि फावडे सोडविण्यासाठी एवढा लढा झाला, त्यांच्या मुलांच्या हाती शाळेनेच थापी द्यावी काय? १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी शाळेचे तास निम्म्यावर आणून उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा धंदा शिकावा अशी योजना आणली होती. द्रविड चळवळीने तिला कुलशिक्षण म्हणून झोडपले, आणि १९५४ साली कामराजांनी ती गुंडाळली. योग्यच केले. आम्हीही तशा योजनेविरुद्ध उभे राहू.

पण ती योजना आणि ही उमेदवारी यांत भेद आहे. तेथे शिक्षणातून वेळ कापून धंदा दिला होता. येथे शालेय शिक्षण पुरे झाल्यावर, शिक्षणाला जोडून कसब देण्याचा विचार आहे. तेथे बापाचा धंदा पोराच्या गळ्यात होता. येथे ज्या धंद्याने आपल्याला आजवर दाराबाहेर ठेवले तो हाती घ्यावयाचा आहे. वीजतंत्री होणे हे कोणत्याही जातीचे विहित कर्म नाही. आणि ज्याला पुढे पदविका, पदवी घेऊन अभियंता व्हायचे आहे, त्याची वाट त्यामुळे बंद होता कामा नये. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून तंत्रनिकेतनात जाणारी मुले आम्ही पाहिली आहेत. आमच्या समाजातील बुद्धिमान मुलाने प्रशासकीय सेवेचे स्वप्न पाहू नये असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पुण्याच्या अभ्यासिकांत वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत पदभरतीच्या जाहिरातीची वाट पाहणारी आमची मुले, आणि दहावीनंतर गुपचूप नाक्यावर जाऊन बिगारी होणारी आमची मुले, हे दोन्ही प्रकार आम्ही जवळून पाहतो. पहिल्या प्रकाराविषयी समाजात निदान चर्चा तरी होते. दुसऱ्या प्रकारातील मुलांची नावे माजी विद्यार्थ्यांच्या यादीतही सापडत नाहीत. ज्याला आपण सांगण्याजोगे काही झालो नाही असे वाटते, तो मेळाव्याला येत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे, जरी ही स्मरणिका त्यांच्या हाती पडण्याचा संभव थोडा असला तरी.

म्हणून आमची सूचना अगदी मर्यादित आहे. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि निकाल लागेपर्यंत दीड-दोन महिने मुले घरी मोकळी असतात. वसतिगृह तेव्हा रिकामे असते. त्या काळात इच्छुक मुलामुलींसाठी सहा आठवड्यांचा उमेदवारीपूर्व वर्ग येथे चालावा. सोळा वर्षांच्या मुलाला परांचीवर चढवावे असे आम्ही म्हणत नाही. वर्गातच पुष्कळ शिकविण्याजोगे आहे. आमच्या मुलांचे वडील 'तीन सुती सळई' म्हणतात, ते सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ज्या घरात रोज अपूर्णांक बोलला जातो, त्या घरातील मूल अपूर्णांकात नापास व्हावे, हे आम्हां शिक्षकांनी मनावर घेण्यासारखे आहे. पाया आखताना गवंडी दोरीवर तीन, चार, पाच फूट मोजून काटकोन काढतो. पायथागोरसचा सिद्धांत वहीत येण्याआधी तो अंगणात येऊ शकतो. मीटर, वायरिंग, नळजोडणी, नकाशा, ओळंबा, शिडीवर कसे चढावे, विजेपासून कसे सांभाळावे, मजुरीची पावती कशी मागावी, एवढे सहा आठवड्यांत होते.

आणि ब्रुकलिनच्या त्या कार्यालयाप्रमाणे कागद. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे प्रवेश ऑनलाइन फेऱ्यांनी होतात, आणि आमची मुले गुणांअभावी मागे राहत नाहीत, कागदांअभावी राहतात. शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' लिहिलेले असते, आणि जातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीचा पणजोबांचा पुरावा मागितला जातो. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती १९९० साली लागू झाल्या, तरी तहसील कचेरीतील खिडकीवर हा घोळ अजून मिटलेला नाही. ती कागदपत्रे नववीतच तयार व्हावीत.

माजी विद्यार्थ्यांत आज अभियंते आहेत, दोघे-तिघे स्वतः शासकीय कामांचे ठेके घेतात, काही वीज मंडळात आहेत, काही प्रशिक्षण संस्थांत निदेशक आहेत. देणगीची पावती फाडण्याआधी त्यांनी एवढेच सांगावे की, येत्या वर्षी प्रशिक्षण पूर्ण केलेल्या आमच्या किती मुलांना, आणि किती मुलींना, ते आपल्या कामावर रीतसर वेतनासह शिकाऊ म्हणून घेतील. तो आकडा प्रथम आला पाहिजे. त्यावरून वर्गात किती जण बसवायचे ते ठरेल. वर्गासाठी सहा थापी, सहा ओळंबे, दोन गुण्ये, विटा, वाळू, वायरचे एक भेंडोळे आणि जोडणीचे काही नळ लागतील. जागा आहे. स्वयंपाकघर आहे. गणित आणि कामगार चळवळीचा इतिहास शिकविण्याची जबाबदारी आम्ही घेतो. गवंडीकाम शिकविण्यासाठी पालकांमधूनच एखादे मिस्त्री यावेत आणि त्यांना शिक्षकाइतकेच मानधन द्यावे. नावे शाळेच्या कार्यालयात नोव्हेंबरअखेर द्यावीत.